चिपाड, तूस, टरफल: आपल्या भागातल्या टाकाऊ मालाचा बोर्ड कसा करावा

बोर्ड करून बघायचा म्हणणारा जवळजवळ प्रत्येक जण मला आधी गोंदाचं विचारतो. कुठला घ्यायचा, किती घालायचा. मी म्हणते, गोंदाचं नंतर बघू, आधी पोतं उघडा आणि आतला माल बोर्डात नेमकं कुठलं काम करणार ते ठरवा. तूस, चिपाड, टरफल हे सगळं 'शेतातला कचरा' म्हणून एकाच ढिगात टाकलं जातं. बोर्डात मात्र प्रत्येकाचं काम वेगळं असतं. हे ज्याला कळलं त्याचा बोर्ड टिकतो.

आमचा फर्निचरचा लहानसा कारखाना बेळगावजवळच्या मच्छेच्या बाजूला आहे. आप्पांचं आयुष्य सागवान आणि किंदळ रंधण्यात गेलं. माझ्या हातात पहिल्यापासून जास्त बोर्डच आले. फोटोफ्रेमच्या पाठी, ड्रॉवरचे तळ, शाळांचे सूचना फलक असल्या कामांसाठी मी आपल्याच तालुक्यांतला माल वापरून बोर्ड दाबते. खाली लिहिलं आहे ते एक फूट बाय एक फुटाच्या नमुन्याचं. मोठं यंत्र घेण्याआधी प्रत्येकाने एवढं तरी करावंच.

कुठला माल कशासाठी

बोर्डाला वाकताना धरून ठेवतो तो लांब धागा. आपल्याकडे असा धागा दोन ठिकाणी मिळतो: उसाचं चिपाड आणि कापसाच्या पऱ्हाट्या. बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानात वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून बांधावर पेटवतात. खरं तर त्यांचं लाकूड पुष्कळ चांगलं, जवळजवळ झाडाच्या लाकडासारखं. चिपाडाबद्दल एक गैरसमज आहे की ते साखर कारखान्यात फुकट पडलेलं असतं. तसं नाही. कारखान्यांचे बॉयलर आणि वीजनिर्मिती त्याच चिपाडावर चालते, गुऱ्हाळवालेही आपलं चिपाड चुलवाणाला घालतात. नमुन्यापुरतं हवं असेल तर उन्हाळ्यात रसवंतीवाल्याला विचारा. तो आनंदाने पोतं भरून देईल. आल्या-लिंबाचे तुकडे तेवढे वेचून काढा.

दुसरा प्रकार भरणीचा: भाताचा तूस, भुईमुगाची टरफलं, मक्याची बुरकुंडं. यांनी जागा भरते, वजन आणि गोंद सावरतो, पृष्ठभाग घट्ट होतो. पण नुसत्या भरणीचा बोर्ड हातात घेऊन वाकवला की बिस्किटासारखा तुटतो. म्हणून माझा नियम असा: कोरड्या मालाचे निदान दोन तृतीयांश धागा, उरलेली भरण.

तुसाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण खानापूरकडे तो मुबलक आहे आणि चुकीच्या अपेक्षेने वापरलाही तितकाच जातो. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघतो. तो जाळला तर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राख उरते आणि ती राख बहुतांश सिलिका असते. तुसाच्या बाहेरच्या गुळगुळीत पाठीवर ही सिलिका आणि मेणाचा थर असतो, त्यामुळे नेहमीचा युरिया फॉर्मल्डिहाइड गोंद तिथे नीट धरत नाही. तूस अख्खा घालू नका. भरडला की आतली खरखरीत बाजू उघडी पडते आणि पकड सुधारते.

कुठल्या गिरणीचा तूस आहे हेही बघा. जुन्या हलरमधून (भात घासून सडणाऱ्या यंत्रातून) तूस आणि कोंडा एकत्रच चुरा होऊन येतो. कोंड्यात तेल असतं, पिष्ट असतं. असा बोर्ड गोंद धरत नाही आणि पुढे त्याला बुरशी लागते. रबर रोलच्या गिरणीतला तूस मोकळा, होडीच्या आकाराचा, स्वच्छ येतो. मूठभर घेऊन पांढऱ्या कागदावर घासा. कागदावर तेलकट पिठूळ डाग उमटला तर ते पोतं गुरांसाठी ठेवा.

भुईमुगाचं टरफल मला भरणीत सगळ्यांत आवडतं. शेंगेच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्तच टरफल निघतं, त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) भरपूर असतं आणि सिलिकेचा त्रास नाही. नंदगडची मामी बियाण्याच्या शेंगा हाताने फोडते, ती टरफलं मी ठेवायला सांगते. यंत्रावर फोडलेल्या शेंगांच्या टरफलांत माती आणि दाण्यांचे तुकडे येतात. दाणे म्हणजे तेल, म्हणून पाखडून घ्या.

तिसरा प्रकार भुकटीचा आणि तो थेट गोंदात जातो. नारळाच्या करवंटीची बारीक पूड, चिंचोक्याचं पीठ. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. तेच पीठ गोंदाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मिसळलं की गोंद दाटसर होतो आणि मालात शोषून नाहीसा न होता कणांच्या पृष्ठभागावर राहतो. प्लायवूडच्या धंद्यातही गोंदाला असं पीठ किंवा पूड घालून वाढवण्याची रीत जुनी आहे.

दोन गोष्टी मी कारखान्यात घेत नाही. काजूची टरफलं ही पहिली. चंदगड-खानापूरच्या काजू कारखान्यांतून ती सहज मिळतात, पण त्यांतल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं, हातावर फोड येतात आणि तेलकट मालाला गोंद लागत नाही. त्या तेलाचा खरा उपयोग रेझिन बनवण्यात आहे. त्यातल्या कार्डेनॉलपासून केलेली रेझिनं गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये वापरतात. ते रसायनाच्या कारखान्याचं काम, आपलं नव्हे. दुसरी निपाणीकडची तंबाखूची काडी. धागा म्हणून ती वाईट नाही, पण दळताना उडणाऱ्या धुळीत निकोटिन असतं आणि ते त्वचेतूनही शरीरात जातं. धूळ ओढणारी यंत्रणा नसेल तर हात लावू नका.

वाळवणं, कापणं, चाळणं

गिरणीतून निघालेल्या ताज्या चिपाडात निम्मं पाणी असतं. ओलं चिपाड ढीग करून ठेवलं की आतून तापतं, आंबतं, बुरशी धरतं. अशा बुरसटलेल्या चिपाडाच्या धुळीने फुप्फुसाचा एक विशिष्ट आजार होतो, त्याला बॅगॅसोसिस म्हणतात. काळं पडलेलं, कुबट वासाचं चिपाड वाळवून 'वापरून टाकू' म्हणू नका, खड्ड्यात घाला.

रसवंतीचं चिपाड गरम पाण्यात धुवा, पाणी बदलून पुन्हा धुवा, पिळा आणि गच्चीवर पातळ पसरा. साखर राहिली तर गरम प्रेसमध्ये ती करपते, बोर्डावर तपकिरी डाग येतात आणि पुढे मुंग्याही लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात ते चटकन वाळतं. जूननंतर हे काम मनातूनही काढून टाका, आपल्याकडचा पाऊस वाळवणाला उसंत देत नाही.

वाळलेलं चिपाड कडबा कुट्टीत घालून बोटाच्या पेराएवढं कापा आणि मग हॅमर मिलमधून काढा. आता बघा, एकाच उसाचे दोन माल झालेत: लांब कडक धागे, आणि स्पंजासारखा मऊ भुगा. हा भुगा म्हणजे उसाच्या पोटातला गर, कोरड्या चिपाडाचा साधारण तिसरा हिस्सा. तो गोंद पाण्यासारखा पितो आणि बोर्डाला बळ काहीच देत नाही. बारीक रव्याच्या चाळणीवर घोळून तो खाली पाडायचा. चाळणी हलवताना हातालाच कळतं, वर राहतो तो खरखरीत, खाली पडतो तो मऊ. बोर्डाच्या टिकाऊपणात जेवढा फरक या एका चाळण्याने पडतो, तेवढा महाग गोंदानेही पडत नाही. भुगा वाया जात नाही, शेणखतात छान कुजतो.

पऱ्हाट्या असतील तर बोंडांची टरफलं आणि चिकटलेला कापूस आधी झाडून घ्या. कापसाचे पुंजके गोंदाच्या गोळ्या करतात. तूस आणि टरफलं पिठाच्या चक्कीवर जाडसर भरडायची, जोंधळ्याच्या कण्यांएवढी. पीठ करू नका. कण जितका बारीक तितका त्याचा एकूण पृष्ठभाग जास्त आणि तितका गोंद जास्त लागतो.

मग ओल मोजायची. शंभर ग्रॅम माल घरच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. समजा ९१ ग्रॅम उरले. गेलेले ९ भागिले ९१, म्हणजे ओल जवळजवळ १० टक्के. गोंद लावण्याआधी ती ३ ते ५ टक्क्यांवर आणायची. उन्हाने एवढी खाली येत नाही. पत्र्याच्या ट्रेमध्ये मंद आचेवर किंवा ओव्हनमध्येच शेवटचं वाळवण करावं लागतं, आणि वाळवलेला माल झाकणाच्या डब्यात ठेवावा लागतो, नाहीतर रात्रीतून तो परत हवेतली ओल ओढतो.

वजनाचा हिशोब

हा भाग वगळू नका. डोळ्यांच्या अंदाजाने केलेला बोर्ड दुसऱ्यांदा तसाच होत नाही.

३० बाय ३० सेंटीमीटर, जाडी १२ मिलिमीटर. घनफळ १०८० घन सेंटीमीटर. घनता हवी ०.७, म्हणजे घनमीटरला ७०० किलो. भारतीय मानक आयएस ३०८७ मध्यम घनतेचा पार्टिकल बोर्ड ५०० ते ९०० मध्ये धरतं, आपण मधोमध आहोत. (त्या मानकाच्या नावातच लाकडाबरोबर 'इतर लिग्नोसेल्युलोज पदार्थ' आहेत. त्यामुळे चिपाडाचा बोर्ड म्हणजे दुय्यम माल, असं गिऱ्हाइकाने म्हटलं तर हे जरूर सांगा.)

१०८० गुणिले ०.७ म्हणजे तयार बोर्ड ७५६ ग्रॅमचा. त्यात ६ टक्के ओल धरली तर कोरडं वजन ७१३. गोंद कोरड्या मालाच्या १० टक्के आणि मेण १ टक्का धरलं तर ७१३ भागिले १.११, कोरडा माल आला ६४२ ग्रॅम. तुमच्या मालात ४ टक्के ओल असेल तर तराजूवर ६६८ ग्रॅम घ्या. त्यात ४५० ग्रॅम चिपाडाचा धागा, ११८ ग्रॅम टरफलांची भरड आणि १०० ग्रॅम तुसाची भरड असं मी घेते.

गोंदाचा घन भाग ६४ ग्रॅम. बाजारातला पातळ युरिया फॉर्मल्डिहाइड गोंद ६० टक्के घन असेल तर १०७ ग्रॅम लागेल. त्यात १० ग्रॅम चिंचोक्याचं पीठ. कडक करणारा अमोनियम क्लोराइड गोंदाच्या घन भागाच्या एक टक्का, म्हणजे ०.६४ ग्रॅम. एवढं मोजता येत नाही म्हणून २० टक्क्यांचं द्रावण करून ठेवा आणि त्यातलं ३ ग्रॅम वापरा. मेणाचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं मेण) असं घ्या की त्यात मेण ६ ग्रॅमच्या आसपास येईल. मेण पाणी अडवतं. त्यावर बचत करू नका.

पातळ गोंद उन्हाळ्यात डब्यातच घट्ट होतो. कमी काम असेल तर पावडरचा घ्या, लागेल तेवढाच भिजवा. विकत घेताना 'ई-१' दर्जाचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा मागा. फॉर्मल्डिहाइड हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं आहे. प्रेस उघडताना डोळे चुरचुरतात ते यानेच. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पंख्याकडे पाठ करून उभे राहा म्हणजे वाफ तुमच्यापासून लांब जाईल. बाळाच्या पाळण्याला किंवा बंद कपाटातल्या अन्नाच्या कप्प्याला मी हा बोर्ड देत नाही.

प्रेस

९०० चौरस सेंटीमीटरवर चौरस सेंटीमीटरला २५ किलो दाब हवा, म्हणजे २२.५ टन. गॅरेजमधली ३० टनी हायड्रॉलिक प्रेस पुरते. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या लोखंडी दोन प्लेट उद्यमबागेत ग्राइंड करून मिळतात. फौंड्री आणि मशिनिंगसाठी अख्ख्या जिल्ह्यात यापेक्षा सोयीची जागा नाही. प्लेटमध्ये भोकं पाडून हीटर आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा, अर्थिंग जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. प्लेट आणि प्रेसच्या चौकटीमध्ये उष्णता अडवणारा थर लागतो, पण त्यासाठी जुना अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा वापरू नका.

माल बादलीत घालून हातमोजे घालून खालीवर करत राहा आणि दुसऱ्याने स्प्रे गनने गोंद मारायचा. आधी धाग्यावर, त्यातला थोडा बारीक धागा बाजूला काढून मग भरण टाकून तिच्यावर. ओतून कालवलेला गोंद गोळ्या करतो. नीट झालेला माल मुठीत दाबला की आकार धरतो आणि बोटाने टोचला की सुटतो. तळव्याला ओलं लागलं तर ओल जास्त झाली.

खालच्या प्लेटवर टेफ्लॉनची शीट, तिच्यावर १२ सेंटीमीटर उंचीची लाकडी चौकट. निवडून ठेवलेला बारीक धागा आधी खाली पसरा, मध्ये भरण मिसळलेला माल, वर पुन्हा बारीक धागा. कोपरे हाताने भरून घ्या. माल नेहमी मधे साठतो आणि कोपरे पोकळ राहतात. फळीने हलकं दाबून चौकट उचला. दोन कडांना १२ मिलिमीटरच्या लोखंडी पट्ट्या ठेवा, प्रेस त्यांच्यावर टेकली की जाडी आपोआप बरोबर येते.

प्लेटचं तापमान १५० ते १६०. गरम प्लेट मालाला लागल्यापासून मिनिटाच्या आत पट्ट्यांपर्यंत दाबायचं. रेंगाळलात तर पृष्ठभागावरचा गोंद दाब येण्याआधीच शिजतो आणि वरचा थर भुसभुशीत सुटतो. १२ मिलिमीटरला आठ ते दहा मिनिटं ठेवा. शेवटची दोन मिनिटं दाब थोडा थोडा सोडा. बोर्डाच्या पोटात वाफ कोंडलेली असते. दाब एकदम सोडला की ती फट्‌कन बाहेर येते, बोर्ड मधून दुभंगतो आणि समोर उभ्या माणसाच्या तोंडावर गरम वाफ येते. फुगा येत असेल तर गोंद वाढवायच्या फंदात पडू नका. मालाची ओल पुन्हा मोजा, दहापैकी नऊ वेळा दुखणं तिथेच सापडेल.

निघालेला बोर्ड उभा ठेवून गार होऊ द्या. या गोंदाचे गरम बोर्ड एकावर एक रचले तर आतल्या आत गोंद खराब होतो. दोन-तीन दिवसांनी कडा कापा. कापायला कार्बाइड टिपचं पातं लावा, तुसातली सिलिका साधं पातं लगेच बोथट करते. कापताना मास्क हवाच.

तपासणी

पाच सेंटीमीटरचा चौकोन कापून व्हर्नियरने मधोमध जाडी मोजा, दोन तास पाण्यात बुडवा, पुन्हा मोजा. मग चोवीस तासांनी. शिवाय पाच सेंटीमीटर रुंद पट्टी दोन टेकूंवर २४ सेंटीमीटर अंतराने ठेवून मधोमध बादली टांगा आणि मोडेपर्यंत वाळू ओतत जा. समजा २२ किलोला मोडली. ३ गुणिले २२ गुणिले २४, भागिले २ गुणिले ५ गुणिले १.२ चा वर्ग, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ११० किलो. दुकानातल्या १२ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डची पट्टीही शेजारी तशीच मोडून बघा. तुलना करायला त्यापेक्षा खरं माप नाही. मोडलेली कड निरखून बघा. धागे उपसून निघालेले दिसले तर गोंद कमी पडला, धागेच तुटले असतील तर गोंदाने काम केलं.

गरम प्रेस नसेल तर

सिमेंटचा बोर्ड थंडच दाबता येतो. वजनाने एक भाग मालाला अडीच ते तीन भाग सिमेंट. इथे साखर हा मोठा शत्रू आहे, थोडीशी राहिली तरी सिमेंट धरत नाही. म्हणून धुतलेलं चिपाड रात्रभर पाण्यात ठेवा आणि त्याच पाण्यात सिमेंटचा लाडवाएवढा गोळा भिजवा. दुसरा गोळा साध्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखे कडक झाले असतील तर चिपाड वापरा. पहिला नखाने उकरत असेल तर पुन्हा गरम पाण्याने धुवा. सिमेंटच्या दोन टक्के कॅल्शियम क्लोराइड घातलं तर लवकर धरतं, पण बोर्डात लोखंडी जाळी असेल तर ते घालू नका, लोखंड गंजतं. शिकंजात चोवीस तास दाबून ठेवा आणि पुढे अठ्ठावीस दिवस ओलं ठेवून मुरू द्या. जड होतो, पण वाळवी लागत नाही आणि बाहेरच्या भिंतीला चालतो.

गोंदाचा बोर्ड मात्र घराच्या आतच. चारही कडांना पातळ फेव्हिकॉलचा हात देऊन वर एज बँड लावा, पाठीमागची बाजूही लॅमिनेट किंवा ऑइल पेंटने बंद करा. एकाच बाजूला लॅमिनेट लावलं तर पावसाळ्यात बोर्ड कमान करतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांसाठी कुणी फर्निचर मागितलं तर मी कपाटाला चार इंची स्टीलचे पाय लावते, पाठ भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवायला सांगते, आणि मोरीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीसाठी हा बोर्ड देतच नाही.

पहिला नमुना करणार असाल तर भरणीशिवाय एक, वरच्या प्रमाणात एक आणि अर्धा धागा-अर्धी भरण घालून एक असे तीन बोर्ड एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या गोंदाने दाबा. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने माल, ओल आणि तारीख लिहा. तिन्हींच्या पट्ट्या मोडून झाल्यावर तुमच्या गिरणीच्या तुसाला किती जागा द्यायची ते तुम्हालाच दिसेल. तो आकडा माझ्यापेक्षा वेगळा आला तर तुमचाच धरा.